कापडाच्या फाटकाची किल्ली कोणाच्या कमरेला?



जिल्हा बैठकीपुढे या वेळी एक ठराव येतो आहे. परदेशी कापड आणि तयार कपडे यांच्या आयातीवर संपूर्ण बंदी घालावी, आणि कापसावरचे आयात शुल्क कधीही उठवू नये, असा त्याचा आशय. मांडणारे आपलेच कार्यकर्ते आहेत. भिवंडीच्या काही लहान लूमवाल्यांनी त्यांना गळ घातली. अंबाडी नाक्यावरून रोज सकाळी भिवंडीकडे जाणाऱ्या भरलेल्या गाड्या पाहिल्या तर ठराव कोणाच्याही मनाला पटावा. आपली पोरे लूमवर, सायझिंगला, नाहीतर गोदामात हमालीला जातात. लूम थांबला की घरात येणारा पगार थांबतो. मग हात वर करायला अडचण कसली?

मला अडचण आहे. बैठकीत बोलायला पाच मिनिटे मिळतात आणि त्यातली दोन माईक सुरू करण्यात जातात, म्हणून ती आधीच लिहून काढतो.

कोणी म्हणेल, अंबाडीच्या भातवाल्याला कापसाशी काय करायचे? आपल्याकडे अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. कापूस लावला तर बोंड दिसायच्या आधी मूळ कुजेल. आपले भात, वाल, थोडा भाजीपाला आणि तबेल्यांना जाणारे गवत. खरे आहे. पण २० जुलै २०२३ ही तारीख आठवा. आपण लावणीत गुडघाभर चिखलात उभे होतो आणि दिल्लीने बिगरबासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी घातली. ती उठली २८ सप्टेंबर २०२४ ला. पहिले पीक बंदीतच विकले, दुसरे लोंबीवर येईपर्यंत बंदी होती. आवण उपटून परत बियाणे करता येत नाही. एकदा रोप चिखलात गेले की शेतकऱ्याचा निर्णय संपला, सरकारचा मात्र कधीच संपत नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या कापूसवाल्याच्या गळ्याला हाच फास आहे, फक्त दोर वेगळा.

त्याची कहाणी अशी. फेब्रुवारी २०२१ च्या अंदाजपत्रकात परदेशी कापसावर सगळे मिळून ११ टक्के शुल्क बसले. शेतकऱ्याच्या भल्यासाठी, असे सांगितले गेले. एप्रिल २०२२ मध्ये रुईचा भाव खंडीला लाखाकडे धावू लागला, तेव्हा तेच शुल्क उठवले आणि ती सवलत ऑक्टोबर अखेरपर्यंत चालवली. पुढे ते परत बसले. फेब्रुवारी २०२४ मध्ये अतिलांब धाग्याच्या कापसाला माफी मिळाली. तो आपल्याकडे फारसा पिकतच नाही, त्यामुळे त्याबद्दल कोणी कुरकुर केली नाही आणि करण्यासारखेही नव्हते. मग ऑगस्ट २०२५ आला. अमेरिकेने भारताच्या मालावर ५० टक्के कर लावला, तिरुपूरच्या कपडेवाल्यांच्या पोटात गोळा आला, आणि दिल्लीने १९ ऑगस्टपासून सगळ्याच कापसावरचे शुल्क माफ केले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, दहाच दिवसांत मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. अमेरिकेने मारले गिरणीवाल्याला आणि रडायला बसवले कापूसवाल्याला.

तारखेकडे लक्ष द्या. विदर्भात कोरडवाहू कापूस जूनच्या पावसावर टोबला जातो. १९ ऑगस्टला तो साठ-पासष्ट दिवसांचा असतो. पात्या लागलेल्या, फुले उमलू लागलेली, खताचा दुसरा हप्ता देऊन झालेला, फवारणीची उधारी दुकानदाराच्या वहीत चढलेली. त्याने जूनमध्ये कापूस की सोयाबीन की तूर हे ठरवले, तेव्हा ११ टक्क्यांचा बांध बांधलेला होता. जूनमध्येच 'यंदा बांध नाही' असे सांगितले असते, तर चार एकरांपैकी दोन एकर त्याने दुसरे काही केले असते. मुक्काम ऑक्टोबरचा आणि रस्ता ऑगस्टमध्ये बदलला. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव त्या हंगामाला ८,११० रुपये जाहीर होता. माल बाजारात आला तेव्हा खुला भाव त्याच्या खालीच होता. सगळा दोष माफीचा होता असे मी म्हणणार नाही, जगातच रुई स्वस्त होती. पण ज्याच्या जिवावर बांध घातला असे सांगितले, त्यालाच न विचारता तो फोडला.

उलट दिशेचे फाटकही असेच चालते. १९ एप्रिल २०१० ला कापसाच्या निर्यातीची नोंदणी एकाएकी थांबवली. ५ मार्च २०१२ ला निर्यातबंदी आली. त्या वेळचे कृषिमंत्री शरद पवार यांनीच जाहीरपणे सांगितले की आपल्याला विचारलेले नव्हते. ओरड झाल्यावर आठवडाभरात बंदी उठवली, पण तोवर भाव पडून घाबरलेल्यांनी माल विकला होता. म्हातारे कापूसवाले तर १९७२ पासूनच्या एकाधिकार खरेदीच्या गोष्टी सांगतील, जेव्हा आपलाच कापूस राज्याच्या सीमेपलीकडे नेणे हा गुन्हा होता. भाव चढला की बाहेर जायचे फाटक बंद, भाव गिरणीला जड वाटला की आत यायचे फाटक उघडे. पन्नास वर्षांत पाटी बदलली, पहारेकरी बदलले, किल्ली एकाच बाजूला राहिली.

आता लूमवाल्याकडे येऊ, कारण ठराव त्याच्या नावाने आहे.

पॉवरलूम हे स्वतःच बंधनांचे लेकरू आहे. १९५६ च्या कापड धोरणाने मोठ्या गिरण्यांच्या मागांची संख्या गोठवली. हेतू हातमाग वाचवण्याचा. गिरणीला नवा माग लावता येईना, हातमागाला तेवढे कापड निघेना, आणि मधल्या फटीतून भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथे विजेवरचे माग वाढले. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईचा गिरणी संप सुरू झाल्यावर तर भिवंडीत रात्रंदिवस खडखडाट वाढला. हातमागासाठी राखून ठेवलेले लडीचे सूत लूमवर जायचे हे सगळ्यांना ठाऊक होते. १९८५ च्या कायद्याने काही वाण हातमागासाठी राखीव केले, तेही लूमवर निघत राहिले. मी लूमवाल्याला दोष देत नाही. जिथे आडकाठी घालाल तिथून माल वळसा घेतो, एवढेच सांगतो.

याचा पुरावा पाहायला लांब जायला नको. मुंबईची जकात चुकवायला व्यापाऱ्यांनी हद्दीबाहेर माल उतरवायला सुरुवात केली आणि पूर्णा, राहनाळ, काल्हेर, वळ, माणकोली या गावांची भातखाचरे गोदामांखाली गेली. १ जुलै २०१७ ला जकात गेली. गोदामे गेली नाहीत, वाढतच गेली. महापालिकेने जकात बसवली तेव्हा भिवंडी तालुक्याच्या भाताचे काय होईल असा विचार कोणाच्या डोक्यात आला असेल? बंधन घालणाऱ्याला फक्त आपल्या दारातले दिसते.

कापडाच्या धंद्यातली साखळी लांब आहे. कापूस, रुई, सूत, कोरे कापड, रंगाई, शिलाई, दुकान. या साखळीच्या कोणत्याही एका कडीला सरकारने कुंपण घातले, तर कुंपणाच्या आतला सुखी होतो आणि पुढची कडी त्याचे पैसे भरते. सुताच्या आयातीला आडकाठी केली तर सूत बनवणारा सुखी आणि लूमवाला भरतो. कापडाला केली तर लूमवाल्याला बरे वाटते आणि शिलाईवाला भरतो. ज्याचे कुंपण टिकते तो बहुधा मोठा असतो, कारण दिल्लीला खेटे घालायला माणूस पगारावर ठेवणे त्यालाच परवडते.

भिवंडीत घडलेलेच पाहा. आता लूमवर सुती कापडाइतकेच पॉलिस्टर आणि व्हिस्कोसही चालते. व्हिस्कोसचा तंतू बनवणारा मोठा कारखानदार देशात एकच. पॉलिस्टरच्या धाग्याचे मोजके. व्हिस्कोसवर २०१० पासून २०२१ पर्यंत अँटी-डम्पिंग शुल्क होते. ते उठले, आणि २०२३ मध्ये 'गुणवत्ता नियंत्रण आदेश' आला. मार्चमध्ये व्हिस्कोसला, पाठोपाठ पॉलिस्टरच्या तंतूला आणि धाग्याला. नाव किती गोंडस! गुणवत्ता कोणाला नको? पण त्याची रीत अशी, की परदेशी कारखान्याने भारतीय मानक ब्यूरोचा परवाना घेतल्याशिवाय त्याचा माल बंदरात उतरणार नाही, आणि परवान्यासाठी ब्यूरोचा माणूस तिकडे जाऊन कारखाना तपासणार. तो गेलाच नाही तर? शुल्क लावावे लागत नाही, संसदेत आकडा सांगावा लागत नाही, फाटक आपोआप बंद. ११ टक्के शुल्क निदान कागदावर दिसते, हे तर दिसतही नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने हे आदेश मागे घेतले. गुणवत्तेसाठीच होते, तर एका कागदाने मागे कसे घेतले, याचे उत्तर कोणी दिले नाही.

मधल्या दोन वर्षांत त्याचा भार कोणी वाहिला? बारा-चोवीस लूमचा मालक, जो स्वतःचे सूतही घेत नाही, शेठकडून बीम आणतो आणि मजुरीवर विणून देतो. त्याची मजुरी पिकाला इतके पैसे अशी ठरते. त्यांच्या भाषेत पिक म्हणजे बाण्याचा एक धागा. आपले पीक आणि त्याचा पिक, दोघांचाही भाव दुसराच ठरवतो. सूत महागले की शेठ म्हणतो, कापडाला गिऱ्हाईक नाही, पिकाचे पैसे कमी कर. त्याच्या खाली कामगार, म्हणजे आपला पोरगा.

ठरावात या सुताचा एक शब्दही नाही. परदेशी कापडावर बंदी मागितली आहे. भिवंडीच्या कोऱ्या कापडाचा पहिला स्पर्धक परदेशात नाही, सुरतेत आहे. त्याच्याकडे वेगाचे शटललेस माग आहेत, आपल्याकडे अजून खडखडणारे साधे लूम पुष्कळ आहेत आणि कित्येक किलोवर भंगारात गेले. बंदीने सुरतवाला थांबणार आहे का? चीनचे होजिअरी कापड कवडीमोल किंमत दाखवून येते ही तक्रार मात्र खरी आहे. त्यासाठी मार्च २०२४ मध्ये पाच प्रकारच्या सिंथेटिक निटेड कापडावर किलोला साडेतीन डॉलर किमान आयात किंमत ठरवली, आणि २०२५ च्या अंदाजपत्रकात शुल्क २० टक्के किंवा किलोला ११५ रुपये, जे जास्त ते, असे केले. खोटे बिल दाखवून माल आणणे ही चोरी आहे. चोर पकडावा, कस्टमवाल्यांनी कंटेनर उघडावेत. चोर सापडत नाही म्हणून बाजारच बंद करा, असे आपण आठवडी बाजाराबद्दल कधी म्हणत नाही.

आणि बांगलादेश. ठराव मांडणाऱ्यांचा सगळा राग त्याच्यावर. तिथे कापूस नावापुरता पिकतो. तरी २०२४-२५ मध्ये त्याने सुमारे ३९ अब्ज डॉलरचे तयार कपडे निर्यात केले. भारताने जवळपास १६ अब्जाचे. आपल्याकडे शेतात कापूस, गावात गिरणी, शहरात लूम, आणि शर्ट विकतो तो. कारणे बरीच आहेत; मजुरी कमी, युरोपात त्याला शुल्क नाही. पण आणखी एक कारण असे, की निर्यातीचा कपडा शिवणाऱ्याला सूत आणि कापड जिथे स्वस्त आणि चांगले मिळेल तिथून बिनशुल्क आणायची त्याने मुभा दिली. आपल्याकडे तयार कपड्यांचा धंदा लहान उद्योगांसाठी राखीव ठेवला होता. विणलेल्या कपड्यांना २००० पर्यंत आणि होजिअरीला २००५ पर्यंत मोठा कारखाना काढायची वाट बंद होती. ही बंदी परक्यावर नव्हती, स्वतःवरच होती.

२०२५ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांची दारे लावून घेतली. एप्रिलमध्ये बांगलादेशाने भारतातून खुष्कीच्या मार्गाने येणारे सूत बंद केले. १७ मे रोजी भारताने त्यांचे तयार कपडे खुष्कीने आणायला मनाई केली. यायचे तर न्हावाशेवा नाहीतर कोलकाता बंदरातून. टाळ्या वाजल्या. पण ढाक्यात शिवलेल्या शर्टात पुष्कळ वेळा आपल्याच गिरणीचे सूत असते, आणि त्या सुतात यवतमाळ-राजकोटचा कापूस. तो शर्ट अडवला की आपल्याच कापसाचे एक गिऱ्हाईक अडते. हे ठरावात कुठे लिहिले आहे?

आता सर्वांत अवघड भाग. कापसावरचे ११ टक्के शुल्क. विदर्भातले आपले सहकारी ते टिकवा म्हणतात. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांच्यावर जे गुदरले ते पाहता त्यांचे चुकते असे तोंडावर म्हणवत नाही. तरी हिशेब मांडू. एका शर्टाला घट धरून तीनशे ग्रॅम रुई लागते. त्यासाठी किलोभरापेक्षा थोडा कमी कापूस; ८,११० च्या भावाने सरकीसकट सत्तर रुपयांचा. सरकी वजा केली तर रुई पन्नासएक रुपयांची. तिच्यावर ११ टक्के म्हणजे पाच-सहा रुपये. आठशे रुपयांच्या शर्टात पाच-सहा रुपयांनी कपड्याचा धंदा बुडतो असे कोणी सांगत असेल तर त्याला हसावे. पण सूतगिरणीचे तसे नाही. सुताच्या खर्चात निम्म्याहून जास्त रुईच असते, तिथे ११ टक्के म्हणजे नफा-तोट्याचा फरक. आणि गिरणी हेच आपल्या कापसाचे पहिले गिऱ्हाईक. गिऱ्हाईक आजारी पाडून दुकान चालत नाही.

दुसरे असे, की बांधाआड आपलीच एक उणीव झाकली जाते. आपले रुईचे उत्पादन हेक्टरी साडेचारशे किलोच्या आसपास, ब्राझील आणि चीनचे दीड हजाराच्या वर. ब्राझीलचा शेतकरी काही आपल्यापेक्षा तिप्पट शहाणा नाही. त्याला हवे ते बियाणे पेरायला मिळते. आपल्याकडे सगळीकडे पेरले जाते ते कापसाचे जनुकीय वाण मंजूर झाले २००६ मध्ये. गुलाबी बोंडअळी त्याला केव्हाच पचवून बसली. तणनाशक सहन करणारे बियाणे शेतकरी चोरून पेरतात आणि सापडले तर पोलीस ठाण्यात बसतात. परदेशी कापूस नवीन बियाण्याचा असला तरी आत येतो, ते बियाणे मात्र येत नाही. शेती महाविद्यालयात मला झाडाच्या अन्नद्रव्यांचा नियम शिकवला होता, ज्या द्रव्याची उणीव तेच पीक ठरवते. धोरणातही तेच दिसते. बियाण्याचे कुलूप तसेच ठेवून ११ टक्क्यांचा डोस कितीही दिला तरी झाड वाढत नाही.

अमेरिका आपल्या कापूसवाल्याला अनुदान देते हे खरे आहे. ब्राझीलने २००२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तिच्याविरुद्ध खटला केला, जिंकला, आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर घेऊन तडजोड केली. अनुदानाने स्वस्त केलेल्या कापसावर तेवढ्यापुरते भरपाई शुल्क लावायला जागतिक नियमात जागा आहे, आणि ते मागण्यात मला कमीपणा वाटत नाही. सरसकट बांध वेगळा.

थोडे विषयांतर. आपल्या गावाच्या नावाशी जुळणारे एक धाग्याचे पीक आहे, अंबाडी. भाजी आंबट, वाखाचे दोर चिवट. ताग आणि अंबाडीच्या धाग्याला बाजार राहावा म्हणून १९८७ मध्ये कायदा झाला, धान्य-साखर तागाच्या पोत्यात भरायची सक्ती. जवळपास चार दशके सक्ती आहे. आपल्याकडे अंबाडी बांधावर भाजीपुरती उरली. सक्तीने गिऱ्हाईक बांधून दिले की पीक सुधारायची गरज कोणालाच वाटत नाही.

तेव्हा बैठकीला माझी सूचना अशी. ठरावातील संपूर्ण बंदीचे वाक्य काढावे. त्याजागी लिहावे, की कापूस, सूत, कापड यांच्या आयात-निर्यातीचा जो काही नियम असेल तो ३१ मेपूर्वी जाहीर व्हावा आणि पुढच्या ३१ मेपर्यंत त्याला हात लावू नये. मध्येच लावला तर त्या दिवशी ज्याचे पीक शेतात उभे आहे त्याला फरक मिळावा. निर्यातबंदी कोणत्याही शेतमालावर कधीही नको, आपल्या तांदळावरही नको. सुतावर गुणवत्तेच्या नावाखाली आडकाठी परत येऊ नये. कापसावरचे शुल्क पायरीपायरीने, आधी सांगून कमी करावे, पण बियाण्याचे फाटक त्याच्या आधी उघडावे. क्रम उलटा झाला तर मीच विरोधाला उभा राहीन.

यावर यवतमाळ-वर्ध्याचे मित्र रागावतील. रागावू द्या, त्यांच्याशी भांडण घरातले आहे. लूमवाल्यांना मात्र बैठकीला बोलवा, दोघा-तिघांना तरी. येताना २०२३ ते २०२५ च्या सुताच्या आणि मजुरीच्या वह्या घेऊन यायला सांगा. किलोमागे किती जास्त गेले आणि पिकामागे किती कमी मिळाले हे त्यांनीच सर्वांसमोर वाचून दाखवावे, मग ठराव मताला टाकू.